चंबळेच्या वाळूतील घरटी

इंदूरनजीक महूजवळ जानापावचा डोंगर आहे. तेथे उगम पावणारी चंबळ माळवा ओलांडून उत्तरेकडे जाते आणि अखेर यमुनेस मिळते. प्राचीन वाङ्मयात हिचाच 'चर्मण्वती' या नावाने उल्लेख येतो. या नदीच्या आश्रयाने राहणाऱ्या एका दुर्मिळ पक्ष्याचा आपण येथे परिचय करून घेऊ. त्याचे नाव पाणचिरा.

माथा व पाठ काळी, पोट शुभ्र आणि चोच नारिंगी, असे याचे रूप आहे. चोचीचा खालचा भाग वरच्या भागापेक्षा लांब असतो. उडता उडता तो भाग पाण्यात बुडवून हा पक्षी जणू पाणी चिरीत जातो व मासा लागताच चोच मिटतो. जगात आता प्रौढ पाणचिरे तीन हजारांहूनही कमी उरले असावेत, असा अंदाज आहे. २०२० साली त्याची गणना संकटग्रस्त जातींत झाली.

पाणचिरा झाडावर घरटे बांधीत नाही. फाल्गुन-चैत्राच्या सुमारास नदीचे पाणी ओसरून वाळूची बेटे उघडी पडतात. त्यांवर हे पक्षी थव्याने येतात, वाळूत उथळ खळगा करतात आणि त्यात तीन-चार ठिपकेदार अंडी घालतात. अंडी वाळूत सहज ओळखू येत नाहीत. भोवती पाणी असल्याने कुत्री व कोल्हीही तेथवर पोहोचत नाहीत. ऊन मात्र प्रखर असते. म्हणून पक्षी पोटाची पिसे पाण्यात भिजवून येतात व अंड्यांना गारवा देतात.

जागेची निवड इतकी शहाणपणाची असूनही अनेक घरटी वाया का जातात? कारण पाण्याचे मान बिघडले आहे. धरणे व पाणीउपसा यांमुळे उन्हाळ्यात प्रवाह फार क्षीण झाला, तर बेट काठाला जोडले जाते आणि कुत्र्यांना वाट मिळते. उलट, धरणातून एकाएकी पाणी सोडले, तर सारी वसाहत वाहून जाते. वाळूचा उपसा आणि गुरांची ये-जा यांची त्यात भर पडते.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. बेटावर शंभर घरटी दिसली, म्हणजे शंभर कुटुंबे वाढली असे नव्हे. अंडी किती फुटली आणि पावसाळी पुरापूर्वी किती पिल्ले उडाली, हाच खरा हिशेब होय. पिल्ले उडाली नाहीत, तर गजबजलेले बेटही काही वर्षांत ओस पडेल.

चंबळेचा मोठा पट्टा १९७९ पासून अभयारण्य म्हणून राखला जाऊ लागला. अलीकडे मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने काठच्या गावकऱ्यांनाच घरट्यांचे राखणदार केले आहे. ज्यांचे नदीशी रोजचे नाते, तेच तिच्या पाखरांचे उत्तम रक्षक होत, असे आम्हांस वाटते.

आपण कधी चंबळेवर गेलो, तर ही बेटे दुरूनच पाहावीत. कुतूहलाने एक पाऊल बेटावर पडले, तर पक्षी उडतात आणि उघडी अंडी उन्हात भाजून निघतात. ज्या पाखराने पाण्याच्या भरवशावर आपला संसार उघड्या वाळूवर मांडला, त्याला आपण एवढे अंतर तरी द्यावयास हवे.