रुग्णालय आणि हातांची स्वच्छता

रुग्णालयात होणाऱ्या रोगसंसर्गाचा विचार करू लागलो की हवा, पाणी व उपकरणे यांच्याकडे आपले लक्ष प्रथम जाते. परंतु एका रुग्णाचे जंतू दुसऱ्याकडे पोहोचविणारे सर्वांत नेहमीचे वाहन म्हणजे शुश्रूषा करणाऱ्यांचे हात होत. जंतुशास्त्राचा पाया घातला जाण्यापूर्वीच ही गोष्ट एका तरुण डॉक्टराच्या ध्यानात आली होती.

व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात प्रसूतीचे दोन विभाग होते. पहिल्यात वैद्यकाचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुइणी. १८४६ साली पहिल्या विभागात दर शंभर मातांपैकी अकराहून अधिक दगावल्या, दुसऱ्यात तीनही नाहीत. शहरातील बायकांना हे ठाऊक होते. पहिल्या विभागात घालू नका, म्हणून त्या गयावया करीत. तेथे काम करणाऱ्या इग्नाझ सेमेलवाइस यांनी गर्दी, हवामान इत्यादी कारणे एकेक तपासून बाजूस सारली. मार्च १८४७ मध्ये त्यांचे स्नेही प्राध्यापक कोलेच्का शवविच्छेदनाच्या वेळी सुरी लागून आजारी पडले व मरण पावले. त्यांच्या शरीरात आढळलेल्या विकृती प्रसूतिज्वराने मेलेल्या स्त्रियांतल्यासारख्याच होत्या. विद्यार्थी शवागारातून प्रसूतिगृहात येत. सुइणींचा शवांशी संबंध नसे. कोडे उलगडले.

मे महिन्यापासून क्लोरिनच्या द्रावणात हात धुण्याचा नियम झाला. एप्रिलमध्ये शेकडा १८ असलेले मृत्यूचे प्रमाण जूनमध्ये सुमारे २ वर आले. मात्र ऑक्टोबरात एक भयंकर प्रसंग घडला. फेरीच्या पहिल्याच खाटेवर गर्भाशयाच्या कर्करोगाची, स्राव होत असलेली स्त्री होती. तिला तपासून नुसत्या साबणाने हात धुऊन पुढील तपासण्या झाल्या. तेव्हा प्रसूत होत असलेल्या बाराजणींपैकी अकरा मेल्या. विष केवळ शवात नव्हते. म्हणून प्रत्येक रुग्णानंतर हात धुणे आवश्यक ठरले. सेमेलवाइस यांचा ग्रंथ १८६१ साली निघाला, पण पुष्कळ मान्यवरांनी त्यांचे म्हणणे झिडकारले. विरोधकांना जाहीर पत्रांतून खुनी म्हणण्याने त्यांचा पक्ष बळकट झाला, असे म्हणवत नाही.

आज कारण सर्वांना माहीत आहे, तरीही हात धुतले जात नाहीत. याला आळस म्हणणे सोपे आहे. हिशेब मात्र वेगळे सांगतो. अतिदक्षता विभागात परिचारिकेला तासाला वीसेक वेळा हात स्वच्छ करण्याचे प्रसंग येतात. साबणपाण्याने नीट धुवायला ४० ते ६० सेकंद लागतात. बेसिनपर्यंतची ये-जा सोडली तरी तासाचा जवळजवळ तिसरा हिस्सा त्यातच जाईल!

जिनीव्हाच्या विद्यापीठीय रुग्णालयात दिदिए पिते व त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकी ही अडचण ओळखली. बेसिनऐवजी मद्यार्कयुक्त द्रव खाटेपाशी ठेवण्यात आला. तो चोळण्यास २० ते ३० सेकंद पुरतात. भिंतींवर सूचनाचित्रे लागली, निरीक्षण होऊन त्याचे निष्कर्ष कर्मचाऱ्यांना कळविले जाऊ लागले. १९९४ ते १९९७ या काळात नियमपालन शेकडा ४८ वरून ६६ वर गेले व रुग्णालयजन्य संसर्गही घटला. ही सुधारणा परिचारिकांत व त्यांच्या मदतनिसांत दिसली. डॉक्टर मंडळी फारशी बदलली नाहीत.

जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली हात स्वच्छ करण्याचे पाच प्रसंग सांगितले: रुग्णाला स्पर्श करण्यापूर्वी, निर्जंतुक कृतीपूर्वी, शरीरद्रवांचा संपर्क संभवल्यानंतर, रुग्णाला स्पर्श केल्यानंतर आणि त्याच्या आसपासच्या वस्तूंना हात लावल्यानंतर. यांपैकी ‘नंतर’चे प्रसंग अधिक पाळले जातात, कारण तेथे स्वतःच्या रक्षणाची भावना असते. रुग्णाचे रक्षण ‘पूर्वी’च्या प्रसंगांत आहे, आणि तेच अधिक चुकतात.

मद्यार्क, हायड्रोजन पेरॉक्साइड, ग्लिसरिन व उकळून गार केलेले पाणी यांपासून हा द्रव रुग्णालयाच्या औषधशाळेतही करता येतो. ग्लिसरिनमुळे कातडी फुटत नाही. परंतु हात दिसण्यासारखे मळले असतील, रक्ताने माखले असतील, तर साबण व पाणीच हवे. काही अतिसारकारक जंतूंचे बीजाणूही मद्यार्काने मरत नाहीत. हातमोजे घातले की धुणे नको, हा समज तर सर्वस्वी चुकीचा आहे. मोज्यांना सूक्ष्म छिद्रे असू शकतात, आणि ते काढताना हात पुन्हा दूषित होतात.