दिवंगत आप्ताचे स्मरण : भक्त बलराम बसू यांच्या जीवनातून एक पाठ

घरातील उदार आणि भगवद्भक्त व्यक्ती निवर्तली की कुटुंबापुढे दोन प्रश्न उभे राहतात. पहिला प्रश्न दुःखाचा असतो. ‘आत्मा अमर आहे हे आपण ऐकले आहे, मग डोळ्यांना पाणी का येते? आपली श्रद्धा उणी पडली का?’ असे मनात येते. दुसरा प्रश्न थोडा उशिरा, दिवसकार्य आटोपल्यावर येतो. त्या व्यक्तीमुळे घरात होणारे अन्नदान, सत्संग, साधुसेवा आता चालू ठेवायची की थांबवायची? या दुसऱ्या प्रश्नाविषयी घरात कोणी उघड बोलत नाही, आणि न बोलताच त्याचा निर्णय होऊन जातो. या दोन्ही प्रश्नांवर श्रीरामकृष्णांचे गृहस्थ भक्त बलराम बसू यांचे जीवन आणि त्यांच्या मृत्यूनंतरचा इतिहास चांगला प्रकाश टाकतो.

१. दात्याचे घर

बलरामबाबूंचा जन्म 1842 साली एका संपन्न वैष्णव कुटुंबात झाला. ओडिशात त्यांची जमीनदारी होती, वृंदावनात कुटुंबाचे मंदिर व निवास होता. जमीनदारीचा कारभार चुलतभावांवर सोपवून, मिळणाऱ्या ठरावीक रकमेत ते साधेपणाने राहत आणि पूजापाठात रमत. श्रीरामकृष्णांची भेट झाल्यावर कलकत्त्याच्या बागबाजारातील त्यांचे घर, 57 रामकांत बोस स्ट्रीट, हे भक्तांचे एकत्र येण्याचे ठिकाण बनले. श्रीरामकृष्ण तेथे शंभराहून अधिक वेळा आले, असे चरित्रकार सांगतात. घरात श्रीजगन्नाथाची नित्यसेवा असल्यामुळे तेथील अन्न ते शुद्ध मानत आणि आनंदाने ग्रहण करीत.

बलरामबाबूंच्या देण्याची रीत पाहण्यासारखी आहे. श्रीरामकृष्णांच्या आहारासाठी लागणारे तांदूळ, खडीसाखर, साबुदाणा, बार्ली असे जिन्नस ते नियमाने दक्षिणेश्वरला पोहोचवीत. रथयात्रेच्या दिवशी त्यांच्या घरी थाटमाट नसे. वरच्या मजल्याच्या व्हरांड्यात एक लहानसा रथ ओढला जाई आणि भक्त भोवती कीर्तन करीत. श्रीरामकृष्ण स्वतः त्या रथाची दोरी धरीत.

विशेष म्हणजे हा दाता स्वतःसाठी फार काटकसरी होता. तो स्वस्तातली घोडागाडी ठरवतो, यावरून श्रीरामकृष्ण त्याची थट्टाही करीत. त्यांचा पलंग अगदी अरुंद होता. मोठा का घेत नाही, असे कोणी विचारले तेव्हा हे शरीर मातीत जायचे आहे, तो पैसा साधूंच्या सेवेला उपयोगी पडेल, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिल्याचे सांगतात. त्यांची काटकसर आणि त्यांचे दान यांचे मूळ एकच होते. स्वतःवरचा खर्च कमी झाला की सेवेला तेवढे अधिक उरे.

1886 च्या ऑगस्टमध्ये श्रीरामकृष्णांनी देह ठेवला. त्यानंतर काही दिवसांतच श्रीमाँ सारदादेवींना बलरामबाबूंनी आपल्या घरी आणले. तेथूनच त्या वृंदावनला गेल्या आणि तेथेही बसू कुटुंबाच्याच निवासात राहिल्या. वराहनगर मठातील तरुण संन्याशांनाही हे घर आपलेच वाटे. त्यांच्यापैकी बाबूराम महाराज, म्हणजे स्वामी प्रेमानंद, हे तर बलरामबाबूंच्या पत्नी कृष्णभाविनी यांचे बंधू होते.

२. संन्याशाचे अश्रू

13 एप्रिल 1890 रोजी बलरामबाबूंचे निधन झाले. स्वामी विवेकानंद त्या वेळी काशीत होते. बातमी कळताच ते रडू लागले. त्यांचे स्नेही, विद्वान प्रमदादास मित्र यांना आश्चर्य वाटले. संन्याशाने शोक करणे योग्य आहे का, असे त्यांनी विचारले. संन्यास घेतला म्हणून हृदय टाकून दिलेले नाही, उलट संन्याशाचे हृदय अधिक कोमल असायला हवे, असा स्वामीजींच्या उत्तराचा आशय होता. लवकरच ते कलकत्त्याला परतले.

येथे पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळते. ज्याच्या हातचे अन्न खाल्ले, ज्याने गुरूची सेवा केली, त्याच्या जाण्याने डोळे भरून येणे ही श्रद्धेची उणीव मानू नये. ते कृतज्ञतेचे पहिले रूप आहे. म्हणून घरात कोणी रडत असेल तर त्याला लगेच तत्त्वज्ञान ऐकवू नये. त्याच्याजवळ बसावे, गेलेल्याविषयी बोलू द्यावे.

मात्र स्वामीजी अश्रूंपाशी थांबले नाहीत. बलरामबाबूंच्या पाठोपाठ 25 मे 1890 रोजी सुरेंद्रनाथ मित्रही गेले. मठाचा खर्च मुख्यतः या दोन गृहस्थांच्या आधाराने चाले. दुसऱ्याच दिवशी, 26 मे रोजी, स्वामीजींनी बलरामबाबूंच्या घराच्या पत्त्यावरून प्रमदादासांना पत्र लिहिले. गंगातीरी श्रीरामकृष्णांचे स्मृतिस्थान व्हावे, ही इच्छा पूर्ण करण्यासाठी त्यात साहाय्य मागितले होते. दुःख ताजे असतानाच गेलेल्यांचे अपुरे काम त्यांनी हाती घेतले.

३. दार उघडे राहिले

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर कुटुंबाने दिले. घरचा कर्ता गेल्यावर ‘हे सारे त्यांच्याबरोबर होते, आता पुरे’ असे म्हणणे सोपे होते. तसे झाले नाही. श्रीमाँ आणि संन्यासी पूर्वीसारखेच येत राहिले. 1 मे 1897 रोजी स्वामी विवेकानंदांनी संन्यासी आणि गृहस्थ भक्तांना याच घरात एकत्र बोलावले आणि रामकृष्ण मिशनची स्थापना केली. पुढे सुमारे तीन वर्षे मिशनच्या सभा तेथेच भरत. बलरामबाबूंना जाऊन तेव्हा सात वर्षे झाली होती.

1903 नंतर लाटू महाराज, म्हणजे स्वामी अद्भुतानंद, अनेक वर्षे तेथे राहिले. आपल्या जेवणाखाण्याला वेळकाळ नाही, घरच्यांना त्रास होईल, म्हणून ते आधी यायला तयार नव्हते. आपल्या सोयीने जेवा, आम्हाला त्यात आनंदच आहे, असे म्हणून घरच्यांनी त्यांना आणले. स्वामी ब्रह्मानंदांनी 10 एप्रिल 1922 रोजी याच घरात देह ठेवला. आज ते घर ‘बलराम मंदिर’ म्हणून ओळखले जाते.

लाटू महाराजांचा प्रसंग लहान वाटतो, पण खरी कसोटी तेथेच आहे. वर्षातून एकदा पंगत घालणे जमते. अवेळी जेवणाऱ्या साधूसाठी वर्षानुवर्षे ताट राखून ठेवणे कठीण असते. बलरामबाबूंच्या मागे राहिलेल्यांनी ते केले.

४. आपल्या घरी काय करावे?

श्राद्ध हा शब्द श्रद्धेवरून आला आहे. विधी यथाशास्त्र करावेतच. त्याबरोबर पुढील गोष्टी करून पाहाव्यात.

अ. गुण नेमके आठवावेत. ‘ते फार चांगले होते’ एवढ्याने मुलांच्या हाती काही लागत नाही. ते कोणाला, केव्हा, कसे देत. नामाला किती वाजता बसत. स्वतःसाठी काय टाळत, हे सांगावे. त्यांच्या गमतीच्या सवयीही सांगाव्यात.

आ. त्यांची एक सेवा निवडून चालू ठेवावी. सगळे जमणार नाही. एखाद्या विद्यार्थ्याचे शुल्क, साप्ताहिक सत्संग किंवा दारी येणाऱ्याला अन्न, यांपैकी एक तरी न चुकता चालावे. परिस्थिती बेताची असेल तर प्रमाण कमी करावे, नियम मोडू नये.

इ. त्यांच्यावर अवलंबून असलेल्यांची चौकशी करावी. दात्याच्या मृत्यूने घराबाहेरचेही कोणी पोरके होते. ते संकोचाने मागत नाहीत, आपणच विचारावे.

ई. एक खर्च कमी करावा. स्वतःच्या गरजेतून वाचवून दिले तर दात्याची वृत्ती आपल्यात उतरते.

चिंतनासाठी प्रश्न : आपल्या घरातून गेलेल्या उदार व्यक्तीची कोणती सेवा तिच्यामागे बंद पडली? ती कोणी ठरवून बंद केली, की नकळत थांबली? येत्या तिथीपर्यंत ती लहान रूपात पुन्हा सुरू करता येईल का?

यावर कुटुंबाने एकत्र बसून बोलावे, आणि जे ठरेल त्याची जबाबदारी एका व्यक्तीकडे सोपवावी.