हेडचे जुने बोल्ट परत चालतील का?

प्रश्न : गाडी गरम होऊन हेड गॅस्केट उडालं. हेडलाही चीर गेली आहे, त्यामुळे दुसरं हेड बसवायचं ठरलंय. मेस्त्री म्हणतात, "बोल्टला काय धाड भरलीय? तेच लावू." पार्टवाला म्हणतो, नवा सेट घ्याच. कुणाचं ऐकू?
– एक वाचक, सांगली

उत्तर : मेस्त्री चुकीचं शिकलेले नाहीत आणि पार्टवालाही निव्वळ गल्ल्याकडे बघून बोलत नाही. दोघांच्या डोळ्यांपुढे वेगवेगळी इंजिनं आहेत. तुमचं कोणतं, ते मॅन्युअलमधली एक ओळ सांगेल. बोल्ट आवळायला टॉर्कचा नुसता आकडा दिला असेल, तर बोल्ट जुन्या वळणाचे. आकड्यापुढे 'अधिक ९० अंश, अधिक ९० अंश' असं काही असेल, तर ते बहुधा एकदाच ताणायचे बोल्ट. मग नवे घ्या.

हेडला धरून ठेवतो तो बोल्टचा ताण. आवळला की बोल्ट केसभर लांबतो आणि परत आखडायला बघतो. त्या ओढीनं हेड ब्लॉकवर दाबलं जातं. अडचण अशी की रेंचला लावलेल्या जोरातला जवळजवळ नव्वद टक्के भाग बोल्टच्या डोक्याखालच्या आणि आट्यांमधल्या घर्षणातच जिरतो. एका बोल्टला गंज आणि शेजारच्याला तेल असेल, तर रेंच दोन्हीकडे सारखाच आकडा दाखवतो, पकड मात्र निराळी बसते. अँबॅसॅडरसारख्या इंजिनात स्टड आणि नट होते, हेड ओतीव लोखंडाचं होतं. तिथे एवढी तफावत खपून जायची. तेच स्टड पुन्हा पुन्हा वापरण्यात कुणाला वावगं वाटलं नाही आणि वाटायचं कारणही नव्हतं.

कोनाचं मोजमाप घर्षणाला फसत नाही. आट्यांचा पिच दीड मिलिमीटर असेल, तर अर्ध्या फेऱ्यात बोल्ट पाऊण मिलिमीटर आत जाणारच. एवढ्यानं पोलाद आपली लवचिक मर्यादा ओलांडतं आणि कायमचं थोडं लांबतं. हे मुद्दाम केलेलं असतं. त्या टप्प्यावर बोल्ट थोडा कमीजास्त लांबला तरी ओढ जवळपास तीच राहते, म्हणून सगळे बोल्ट सारखी पकड देतात. ॲल्युमिनियमचं हेड तापल्यावर पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं, तेव्हाही पकड फारशी बिघडत नाही.

असा बोल्ट दुसऱ्यांदा ताणला की आणखी लांबतो, मधला भाग आणखी बारीक होतो. पुष्कळदा टिकतोही, आणि मेस्त्रींचा अनुभव तिथूनच आलेला असतो. पण तुटला तर नेमका शेवटच्या नव्वद अंशांत तुटतो, आणि मग निम्मा तुकडा ब्लॉकमधून काढत बसायचं.

कंपन्यांमध्येही एकमत नाही. फोक्सवॅगन सरळ नवे घाला म्हणते. टोयोटा बऱ्याच इंजिनांत बोल्टचा बारीक भाग व्हर्नियरनं मोजायला सांगते. व्यास मर्यादेत असेल तर परत वापरा. मर्सिडीझच्या जुन्या ओएम ६०३ डिझेलमध्ये ८० मिलिमीटरचा बोल्ट ८३.६ पर्यंत चालतो. तुमच्या मॅन्युअलनं अशी मुभा दिली असेल, तर मोजून वापरायला हरकत नाही. तरी मला विचाराल, तर हेड एकदा उतरवायला लागणारी मजुरी आणि नव्या बोल्टांची किंमत शेजारी शेजारी लिहून बघा.

जुन्या वळणाचे असले तरी डोळे मिटून लावू नका. आट्यांवर नट हातानं शेवटपर्यंत फिरला पाहिजे. मध्येच अडला तर बोल्ट ताणलाय. दोन बोल्ट आट्यांना आटे लावून उजेडात धरा, फट दिसली तर बाद. गंजानं खड्डे पडलेलाही बाद.

तुमच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. मिळालेलं हेड आधीच लेथवर फेस केलेलं असेल, तर त्याची जाडी घटलेली असते आणि बोल्ट तेवढा खोल उतरतो. तो भोकाच्या तळाला टेकला की टॉर्क पुरता दिसतो आणि हेड मात्र दाबलंच जात नाही. भोकात तेल किंवा कूलंट साचलेलं असेल, तर बोल्ट ते दाबतो आणि ब्लॉकला तडा जाऊ शकतो. म्हणून भोकं आधी हवेनं साफ करा, डोळ्यांवर चष्मा ठेवून. तेल कुठे आणि किती लावायचं, आवळायचा क्रम कोणता, हे मॅन्युअलमधूनच घ्या. आणि "पाचशे किलोमीटर चालवून आणा, परत आवळून देतो" हे एकदाच ताणायच्या बोल्टांना लावू नका; मॅन्युअलनं तसं स्पष्ट सांगितलं असेल तरच.

काढलेले बोल्ट भंगारात टाकण्याआधी एक चांगला बाजूला काढा. त्याच्या आट्यांवर हॅक्सॉनं उभ्या दोन-तीन खाचा पाडा आणि ब्लॉकच्या भोकात हातानं फिरवा. आट्यांतला मळ खाचांत येतो. धारदार टॅप मारला तर ब्लॉकचे आटेच थोडे कापले जातात.