विकर, निरोधक आणि फवारणीचा हंगाम

ज्वारीच्या भाकरीचा घास बराच वेळ चघळला, तर तो गोडसर लागू लागतो. लाळेतील अमायलेज हे विकर, म्हणजेच एन्झाइम, पिठातील स्टार्चचे तुकडे करून शर्करा निर्माण करते, हे आपण सर्वांनी शाळेत वाचले आहे. आमच्या पालकांपैकी व माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकांची घरे मात्र कपाशीवर किंवा शेतमजुरीवर चालतात. म्हणून लाळेतील विकराला इथेच निरोप देऊन मज्जातंतूंपाशी काम करणाऱ्या दुसऱ्या एका विकराविषयी आम्ही लिहीत आहोत. त्याचे नाव ॲसिटिलकोलिनेस्टरेज.

विकर हे बहुधा प्रथिन असते. अमिनो आम्लांची लांब साखळी घड्या पडून ठरावीक आकार घेते आणि त्या घड्यांत एक खोबण तयार होते. तिला क्रियास्थान म्हणतात. ज्या रेणूवर क्रिया व्हायची, तो त्या खोबणीत बसतो, बदलतो आणि बाहेर पडतो. विकर होते तसेच राहते व पुढच्या रेणूला सामोरे जाते. एमिल फिशर यांनी १८९४ मध्ये यासाठी कुलूप-किल्लीची उपमा दिली. ती सोयीची आहे, पण अपुरी. रेणू आत येताना खोबणही थोडी आकार बदलून त्याला सामावून घेते.

मज्जातंतूचा संदेश स्नायूपर्यंत नेण्याचे काम ॲसिटिलकोलीन हा रेणू करतो. संदेश पोहोचताच तो रेणू तोडला गेला पाहिजे, नाहीतर स्नायूला उसंत मिळत नाही. आपल्या विकराचा एकेक रेणू सेकंदाला असे हजारो रेणू तोडतो. त्याची त्रिमितीय रचना १९९१ मध्ये इस्रायलमधील वाइझमन संस्थेच्या जोएल ससमन, इस्रायल सिलमन व सहकाऱ्यांनी विजेचा झटका देणाऱ्या टॉर्पेडो माशाच्या विकरावरून उलगडली. क्रियास्थान एका अरुंद, खोल घळीच्या तळाशी आढळले. तेथे सेरिन हे अमिनो आम्ल असते. ॲसिटिलकोलीनचा एक तुकडा क्षणभर सेरिनला चिकटतो, पाणी त्याला सोडवते आणि घळ मोकळी होते.

निरोधक म्हणजे हे काम अडवणारा पदार्थ. काही निरोधक खोबणीत नुसते जागा अडवून बसतात. खरा रेणू भरपूर प्रमाणात आला की त्यांना हटावे लागते. मोनोक्रोटोफॉससारखी सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशके तशी नाहीत. त्यांचा फॉस्फेट गट सेरिनला घट्ट जखडतो आणि पाण्याला तो सहज सुटत नाही. कीटक याच कारणाने मरतो. हेच विकर माणसातही असल्यामुळे विष दोघांत भेद करीत नाही. आपल्याकडे या विषाला 'औषध' म्हणण्याची रीत आहे; आम्हाला ती घातक वाटते.

२०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा बळी घेतला. त्या वेळी वापरलेल्या कीटकनाशकांत मोनोक्रोटोफॉसही होते. तीच कपाशी आपल्या सिल्लोड, कन्नड, पैठणकडेही पिकते.

अंगाला दरदरून घाम, तोंडाला लाळ, बारीक झालेल्या बाहुल्या, अंधुक नजर, उलट्या, स्नायूंची थरथर आणि शेवटी कोंडणारा श्वास ही सारी न तुटलेल्या ॲसिटिलकोलीनची लक्षणे. ॲट्रोपीन विकराला सोडवीत नाही. ते ॲसिटिलकोलीनची ग्राहक-जागा अडवून लाळ, घाम व श्वासनलिकेतील स्राव आटोक्यात आणते. प्रालिडॉक्झिम मात्र थेट सेरिनवरचा फॉस्फेट ओढून काढते. त्याच्या प्रत्यक्ष उपयोगाबद्दल डॉक्टरांत मतभेद आहेत. शिवाय त्याला वेळेची मर्यादा आहे, कारण जखडलेल्या फॉस्फेटचा एक भाग गळून पडला की बंध कायमचा होतो. मोनोक्रोटोफॉसच्या बाबतीत हे काही तासांतच घडू लागते. म्हणून भिजलेले कपडे काढून, अंग साबण-पाण्याने धुऊन, डबा किंवा त्यावरील लेबल सोबत घेऊन जवळचे रुग्णालय किंवा घाटी गाठावी. 'रात्रभर पाहू, सकाळी जाऊ' यात तेच तास निघून जातात.

बरे वाटले तरी हिशेब तिथे संपत नाही. कायमचे बंद पडलेले विकर पुन्हा सुरू होत नाही. शरीराला ते नव्याने घडवावे लागते. तांबड्या रक्तपेशींवरील हे विकर तर नव्या पेशी येतील तसतसेच, दिवसाला साधारण एक टक्का या गतीने, भरून निघते. आठवड्याच्या आत मजुरीसाठी पुन्हा पंप पाठीवर घेणारा माणूस त्यामुळे अपुऱ्या विकरानिशी शेतात उतरतो आणि त्याला विष बाधायला आधीपेक्षा कमी फवारा पुरतो.