राष्ट्राची भिस्त कोणावर?

शास्त्रवाचन : 2 राजे 18 व 19, स्तोत्र 33, यशया 22:8-11, मीखा 3:9-12, यिर्मया 7:1-15

ज्या राष्ट्राचा देव परमेश्वर आहे त्याच्या धन्यतेविषयीचे स्तोत्र 33:12 हे वचन आपल्या मंडळ्यांतून पुष्कळदा वाचले जाते. राष्ट्रीय सणांच्या दिवशी उपदेशाचा विषय म्हणून ते निवडले जाते व राष्ट्रासाठी प्रार्थना करताना त्याचा आधार घेतला जातो. हे योग्यच आहे. परंतु वचन जितके परिचित, तितके त्याकडे बारकाईने पाहण्याचे राहून जाते. राष्ट्राने देवावर विश्वास ठेवावा म्हणजे नेमके काय करावे? असा विश्वास असला म्हणजे संकट येतच नाही काय? आणि ज्या देशात ख्रिस्ती लोक मूठभर आहेत, त्या देशातील ख्रिस्ती माणसाने हे वचन कोणत्या अधिकाराने उच्चारावे? ह्या प्रश्नांची उत्तरे शोधण्यासाठी इ.स.पूर्व 701 ह्या वर्षी यरुशलेमेत जे घडले त्याचा आपण अभ्यास करू.

1. वचनातील शब्द

स्तोत्राच्या ह्या ओवीतील पहिला इब्री शब्द 'अशरे' हा आहे. आशीर्वाद देणे ह्या अर्थाचा इब्री धातू निराळा आहे. 'अशरे' म्हणजे एखाद्याची स्थिती पाहून निघालेला उद्गार : किती सुखी, किती धन्य! म्हणजे विश्वासाच्या मोबदल्यात मिळणाऱ्या बक्षिसाची ही घोषणा नव्हे. परमेश्वर ज्यांचा देव आहे त्यांची स्थितीच धन्य आहे, असे स्तोत्रकर्ता सांगतो.

दुसरा शब्द 'गोय', म्हणजे राष्ट्र. दोनच ओव्या मागे, 10 व्या ओवीत, राष्ट्रांचे बेत परमेश्वर निष्फळ करतो असे म्हटले आहे. तेथेही हाच शब्द अनेकवचनात आहे. धन्य राष्ट्र आणि ज्यांचे बेत मोडतात ती राष्ट्रे ह्यांना एकच नाव आहे. फरक रक्तात वा भूमीत नाही. देव कोण, ह्यात आहे. शिवाय ओवीच्या उत्तरार्धात निवड करणारा परमेश्वर आहे. राष्ट्राने देवाला आपल्या बाजूस ओढून घेतले असे नव्हे, तर देवाने लोकांना आपले वतन करून घेतले. पुढे 16 व 17 ह्या ओव्यांत मोठे सैन्य व घोड्याचे बळ तारण करण्यास असमर्थ आहे असे सांगितले आहे. ही शिकवण हिज्कीयाच्या काळात कसोटीस लागली.

2. बापाचा मार्ग आणि मुलाचा मार्ग

हिज्कीयाचा बाप आहाज ह्याच्यावर अराम व इस्राएल ह्यांचे राजे चालून आले, तेव्हा यशया संदेष्ट्याने त्याला स्थिर राहण्यास सांगितले (यशया 7:9). त्या वचनात इब्री भाषेतील एक शब्दश्लेष आहे. 'विश्वास ठेवणे' आणि 'टिकून राहणे' ही दोन्ही क्रियापदे 'आमेन' ह्या आपल्या ओळखीच्या शब्दाच्याच धातूपासून आली आहेत. भाषांतरात हा श्लेष उतरविणे फार कठीण. परंतु त्याचा आशय असा की देवावर जो पाय रोवीत नाही त्याला पाय रोवण्यास दुसरी जागा उरत नाही. आहाजाने ऐकले नाही. त्याने मंदिरातील सोने-रुपे अश्शूरच्या राजाकडे धाडले व आपण त्याचा दास व पुत्र आहोत असा निरोप पाठविला (2 राजे 16:7-8). तात्पुरती सुटका झाली; पण यहूदा अश्शूरचा अंकित झाला. इ.स.पूर्व 722 च्या सुमारास त्याच अश्शूरने शोमरोन घेतले आणि उत्तरेचे राज्य नाहीसे झाले.

हिज्कीयाने निराळा मार्ग धरला. त्याने उच्च स्थाने मोडली, पितळी सापाचे तुकडे केले, मंदिराची दारे उघडली आणि उत्तरेतील उरलेल्या लोकांनाही वल्हांडण सणाचे निमंत्रण पाठविले. पुष्कळांनी त्या जासुदांची थट्टा केली. काही नम्र होऊन आले (2 इतिहास 30:10-11). राष्ट्राचे परमेश्वराकडे वळणे असेच असते. ते एका फर्मानाने होत नाही.

3. रब-शाकेचा प्रश्न

अश्शूरचा राजा सन्हेरीब यहूदावर चालून आला. त्याच्या स्वारीची हकीकत त्याच्याच षट्कोनी मातीच्या स्तंभावर कोरलेली आहे. हा स्तंभ 1830 साली निनवेच्या अवशेषांत सापडला व आज लंडनच्या ब्रिटिश संग्रहालयात आहे. आपण यहूदाची 46 तटबंदीची नगरे घेतली, 2,00,150 लोक बाहेर काढले आणि हिज्कीयाला पिंजऱ्यातील पाखराप्रमाणे यरुशलेमेत कोंडले, अशी फुशारकी त्यात आहे. यरुशलेम घेतले असे मात्र तो म्हणत नाही. हिज्कीयाने 30 किक्कार सोने दिले ही संख्या शास्त्रात व त्या लेखात एकच आहे. रुप्याचा आकडा शास्त्रात 300 तर लेखात 800 आहे.

ही खंडणी देण्यासाठी हिज्कीयाने मंदिराच्या दारांवरील सोने उपटले (2 राजे 18:16). शास्त्र ही गोष्ट लपवीत नाही. विश्वासू राजाही भयाने बापाच्या वाटेवर पाऊल टाकतो. आणि त्याने काही साधले नाही. खंडणी घेऊनही सन्हेरीबाने आपला सरदार रब-शाके ह्याला मोठ्या सैन्यासह यरुशलेमेवर पाठविले.

रब-शाकेचे भाषण इब्रीत वाचताना एक गोष्ट कानावर आदळते. 'बाटाख' म्हणजे भरवसा ठेवणे, भिस्त ठेवणे. ह्या धातूची रूपे 2 राजे 18:19-24 ह्या सहा ओव्यांत सात वेळा आली आहेत. तुझी भिस्त कशावर आहे, हा एकच प्रश्न तो फिरवून फिरवून विचारतो. मिसरावर? तो तर चेचलेला बोरू, टेकणाऱ्याच्या हातात शिरणारा. परमेश्वरावर? त्याचीच वेदी तुम्ही मोडली ना! घोड्यांवर? दोन हजार घोडे देतो, स्वार कोठून आणाल? शत्रूच्या तोंडून राष्ट्राची परीक्षा घेतली जात होती.

त्या वेळी तटावरील लोकांनी काय केले? ते गप्प राहिले. एका शब्दानेही त्यांनी उत्तर दिले नाही, कारण राजाची तशी आज्ञा होती (18:36). द्राक्षवेल, अंजीर आणि आपापल्या विहिरीचे पाणी ह्यांचे आमिष दाखविले असतानाही कोणी वेस उघडली नाही. राष्ट्राचा विश्वास येथे घोषणेच्या रूपाने दिसत नाही. सामान्य माणसांच्या निग्रही शांततेत दिसतो.

4. बोगदा आणि प्रार्थना

हिज्कीया हातावर हात ठेवून बसला नव्हता. त्याने तट दुरुस्त केला, शस्त्रे केली आणि गीहोन झऱ्याचे पाणी खडकातून शहरात आणले. सुमारे 533 मीटर लांबीचा तो बोगदा आजही पाहावयास मिळतो. दोन टोकांकडून खोदीत आलेल्या कामगारांना एकमेकांचे आवाज ऐकू आले, असे सांगणारा शिलालेख तेथे 1880 साली सापडला.

मग यशया 22:8-11 मध्ये संदेष्टा ह्याच तयारीला दोष का देतो? शस्त्रे पाहिली, घरे पाडून तट बळकट केला, पाणी साठविले, हे सर्व सांगून तो म्हणतो की ज्याने हे पूर्वीच योजिले त्याच्याकडे मात्र तुमची दृष्टी गेली नाही. खोदण्याला दोष नाही. खोदताना दृष्टी कोठे होती, हा प्रश्न आहे. संरक्षणाची व्यवस्था करणे हे राज्यकर्त्यांचे कर्तव्य आहे. परंतु साधन आणि आधार ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. साधन हाती धरावयाचे असते; भिस्त देवावर ठेवावयाची असते.

सन्हेरीबाचे धमकीचे पत्र आले तेव्हा हिज्कीया ते घेऊन मंदिरात गेला व परमेश्वरापुढे उलगडून ठेविले. त्याच्या प्रार्थनेचा शेवट ध्यानात घ्यावा (19:19). यहूदाची कीर्ती व्हावी असे तो मागत नाही. पृथ्वीवरील सर्व राज्यांनी परमेश्वरालाच देव म्हणून ओळखावे, हे मागतो. त्या रात्री अश्शूरच्या छावणीत 1,85,000 लोक मेले आणि सन्हेरीब निनवेस परतला. पुढे इ.स.पूर्व 681 मध्ये त्याच्या मुलांनीच त्याचा वध केला.

5. लाखीशचे काय?

येथे अभ्यास संपविला तर तो अर्धवट राहील. यरुशलेम वाचले, पण 46 नगरे वाचली नाहीत. लाखीश नगराच्या पाडावाची दृश्ये सन्हेरीबाने आपल्या महालातील दगडी फलकांवर कोरून घेतली होती. त्यात बैलगाड्यांवर बिऱ्हाड लादून बंदिवासात निघालेली कुटुंबे आहेत, लहान मुले आहेत, आणि खांबांवर टांगलेली माणसेही आहेत. ह्या सर्वांचा विश्वास कमी पडला असे म्हणावे काय?

मीखा 1:13 मध्ये लाखीशच्या रथांवर ठपका ठेवलेला आहे हे खरे. तरी त्यावरून तेथील प्रत्येक माणसाचा न्याय करण्याचा अधिकार आपणांस नाही. इब्री लोकांस पत्राचा 11 वा अध्याय येथे मार्गदर्शक आहे. विश्वासाने काही जण तरवारीच्या धारेपासून निभावले (ओवी 34), आणि त्याच विश्वासाने काही जण तरवारीने मेले (ओवी 37). विश्वास एकच, तरवार एकच, शेवट मात्र भिन्न. म्हणून ज्यांच्या घरावर संकट कोसळले आहे त्यांना 'तुमचा विश्वास उणा होता' असे कोणीही म्हणू नये. देवाचे संरक्षण खरे आहे. पण ते आपल्या हिशेबाच्या वहीत मांडता येत नाही. देव ज्यांना तरवारीपासून सोडवीत नाही त्यांनाही तो सोडून देत नाही.

6. टेकण्याचे दोन प्रकार

रब-शाकेने मिसराला 'मिशएनेत' म्हणजे टेकण्याची काठी म्हटले. ह्याच धातूचे क्रियापद मीखा 3:11 मध्ये येते. यरुशलेमेचे पुढारी लाच घेऊन न्याय करीत, याजक मोल घेऊन शिकवीत, संदेष्टे पैशासाठी भविष्य सांगत, आणि तरीही परमेश्वरावर टेकून म्हणत की तो आमच्यामध्ये आहे, आमच्यावर अरिष्ट येणार नाही. म्हणजे मिसराच्या बोरूवर टेकणे जसे व्यर्थ, तसेच अन्याय न सोडता देवावर टेकल्याचा आव आणणेही व्यर्थ. सियोनेचे शेत होईल असे मीखाने बजाविले.

ह्या इशाऱ्याचे काय झाले ते यिर्मया 26:17-19 मध्ये समजते. सुमारे शंभर वर्षांनी देशातील वडील मंडळी आठवण देतात की हिज्कीयाने परमेश्वराचे भय धरले, त्याची करुणा भाकली, आणि बोललेले अरिष्ट टळले. यरुशलेमेच्या बचावाच्या मुळाशी पश्चात्ताप होता.

पुढच्या पिढ्यांनी बचाव लक्षात ठेविला, पश्चात्ताप विसरला. मंदिर आहे म्हणून नगर सुरक्षित, अशी घोषणा झाली. यिर्मया 7:4 मध्ये देव म्हणतो की ह्या लबाड शब्दांवर भरवसा ठेवू नका. शब्द तोच, 'बाटाख'. मग तो अटी सांगतो : शेजाऱ्यांमध्ये खरा न्याय करा, परका, पोरका व विधवा ह्यांना गांजू नका, निर्दोष रक्त पाडू नका, अन्य दैवतांच्या मागे लागू नका. त्यांनी ऐकले नाही, आणि इ.स.पूर्व 586 च्या सुमारास बाबेलच्या सैन्याने तेच मंदिर जाळले. जी भिस्त एका पिढीचे तारण ठरली, तिचीच पोकळ घोषणा दुसऱ्या पिढीचा घात करून गेली.

7. आपणांसाठी बोध

जुन्या करारातील इस्राएलाचे स्थान आज कोणतेही राष्ट्र आपल्याकडे घेऊ शकत नाही. 1 पेत्र 2:9 मध्ये 'पवित्र राष्ट्र' हे नाव जगभर विखुरलेल्या मंडळीला दिले आहे, आणि ते पत्र परदेशीयांप्रमाणे राहणाऱ्या थोड्या लोकांना लिहिलेले आहे. तरीही राष्ट्रांविषयीचा देवाचा नियम सर्वांना लागू आहे. यिर्मया 18:7-10 मध्ये कोणतेही राष्ट्र वाईटापासून वळले तर देव अरिष्ट आवरतो असे म्हटले आहे. योनाच्या उपदेशाने निनवे वाचले, तेच निनवे जेथून पुढे सन्हेरीब निघाला, आणि जे इ.स.पूर्व 612 मध्ये नाश पावले.

आपल्या देशात 2011 च्या जनगणनेनुसार ख्रिस्ती लोकांचे प्रमाण 2.3 टक्के होते. इंदूर असो, बडोदे असो, हैदराबाद वा नागपूर असो, आपण थोडे आहोत. पण अब्राहामाने सदोमासाठी रदबदली केली तेव्हा हिशेब दहा नीतिमानांपर्यंत आला होता (उत्पत्ती 18:32). बाबेलातील बंदिवानांना त्या नगराचे हित साधण्यास व त्यासाठी प्रार्थना करण्यास सांगितले होते (यिर्मया 29:7). आपले काम सत्ता मिळविण्याचे नाही. रदबदली करण्याचे, न्यायाने वागण्याचे आणि शेजाऱ्याचे हित पाहण्याचे आहे. लाच न घेणारा कारकून, रुग्णात जातधर्म न पाहणारी परिचारिका, मापात खोट न करणारा दुकानदार, हे राष्ट्राच्या तटातील दगड आहेत.

प्रिय वाचकहो, रब-शाकेचा प्रश्न अजून आपल्या वेशीत उभा आहे : तुमची भिस्त कशावर? ह्याचे उत्तर आपण ओठांनी देतो त्यापेक्षा अधिक आपल्या व्यवहाराने देतो. परमेश्वर आपणा सर्वांस खरे उत्तर देण्यास कृपा पुरवो.

मननासाठी प्रश्न

1. साधन व आधार ह्यांतील फरक तुमच्या कुटुंबाच्या व मंडळीच्या जीवनात कोठे पुसट झाला आहे?

2. मीखा 3:11 मधील पुढाऱ्यांचे 'टेकणे' आणि हिज्कीयाचे 'टेकणे' ह्यांत कोणता भेद दिसतो?

3. संकटात सापडलेल्या विश्वासणाऱ्याचे सांत्वन करताना इब्री लोकांस पत्र 11:34 व 37 ह्या दोन्ही ओव्या एकत्र का वाचाव्यात?

4. आपल्या गावासाठी वा नगरासाठी तुम्ही ह्या आठवड्यात कोणती प्रार्थना व कोणते काम कराल?