पशूचा जीव, परक्याचा जीव

शास्त्रवाचन : नीतिसूत्रे १२:१०, निर्गम २३:९, लूक १७:११-१९

परदेशातील मिशनकार्य म्हटले की सुवार्तिक, डॉक्टर व शिक्षक आपल्या डोळ्यांपुढे येतात. गुरांचा डॉक्टर सहसा येत नाही. तरी अशा सेवेसाठी १९७६ साली अमेरिकेतील पशुवैद्य लिरॉय डॉर्मिनी यांनी 'ख्रिश्चन व्हेटरनरी मिशन' ही संस्था स्थापन केली. या सेवेला पवित्र शास्त्रात कोणता आधार आहे, याचा आपण विचार करू.

१. जाणणे

नीतिमान मनुष्य आपल्या पशूच्या जिवाची काळजी घेतो, असा नीतिसूत्रे १२:१० चा आशय आपण वाचतो. मूळ इब्री वचनातील क्रियापद मात्र 'यादा', म्हणजे 'जाणणे', या धातूपासून आले आहे. आणि जिवासाठी 'नेफेश' हा शब्द आहे. हेच दोन शब्द निर्गम २३:९ मध्ये पुन्हा एकत्र येतात. परक्याचा जीव तुम्ही जाणता, कारण मिसर देशात तुम्हीही परके होता, असे तेथे इस्राएल लोकांस सांगितले आहे. परदेशी जाणाऱ्या पशुवैद्याला हे दोन्ही जीव जाणावे लागतात.

हा अर्थ मला अभ्यासिकेत उमगला नाही. भाषांतरासाठी शब्द गोळा करीत मी एकदा एका मेंढपाळ वस्तीवर गेलो होतो. तेथे एक मेंढी विताना अडली होती. मी वही उघडून विचारले, "याला तुम्ही काय म्हणता?" वृद्ध मेंढपाळ मान वर न करताच म्हणाला, "आधी पाणी आणा, मास्तर." मी पाणी आणले. शब्द मला नंतर मिळाला. परंतु त्या घटकेला मला ना मेंढीचा जीव दिसला होता, ना त्या माणसाचा.

२. शिकणे व शिकविणे

युगांडाच्या ईशान्येस कारामोजा हा कोरडा प्रदेश आहे. तेथील कारामोजोंग लोकांचे जीवन गुरांवर चालते. दूध व रक्त हे त्यांचे अन्न, वधूमूल्यही गुरांच्या रूपाने, आणि पुरुष आपल्या आवडत्या बैलावरून नाव धारण करतो. अशा ठिकाणी गाय मेली तर घराचा आधारच जातो. तेथे ख्रिस्ती पशुवैद्यांनी सेवा केली आहे. केवळ औषधांची पेटी घेऊन जाणे मात्र पुरेसे नसते. गुराखी कोणत्या पाल्याने कोणता रोग बरा करतात याचा अभ्यास करून त्या ज्ञानाची नोंद करण्यात आली, आणि ती २००९ साली प्रसिद्ध झाली. शिकवावयास गेलेल्याने प्रथम शिष्य व्हावे लागते.

शिकविलेले दुसऱ्याच्या हाती सोपवावेही लागते. बुळकांडी रोगाचा इतिहास याला साक्षी आहे. बाहेरून आणलेल्या गुरांबरोबर हा रोग १८८७ च्या सुमारास आफ्रिकेच्या ईशान्य भागात शिरला. पुढील दशकात कळपच्या कळप नष्ट झाले व इथिओपियात भीषण दुष्काळ पडला. पुढे लस निघाली, परंतु ती थंड ठेवावी लागत असल्याने दूरच्या कुरणांपर्यंत पोहोचणे कठीण होते. उष्णता सोसणारी लस तयार झाल्यावर १९९० च्या दशकात दक्षिण सुदानात व इथिओपियाच्या अफार प्रदेशात पशुपालकांतूनच निवडून शिकविलेल्या माणसांनी ती टोचली. २०११ साली बुळकांडीचे जगातून उच्चाटन झाल्याचे जाहीर झाले. हे यश अनेक देशांचे व संस्थांचे आहे. मिशनरीने त्यातून घ्यावयाचा धडा असा की, आपण परत गेल्यावरही जे काम चालू राहते तेच खरे काम.

३. आमिष नव्हे

येथे एक प्रश्न आपणांस टाळता येणार नाही. गाय बरी करणे हे सुवार्तेसाठी टाकलेले आमिष आहे काय? तसे असेल, तर ज्याची गाय बरी झाली तो मनुष्य आपला देणेकरी ठरतो, आणि त्याच्या जिवाऐवजी आपण आपल्या अहवालातील संख्या जाणू लागतो. प्रभूने दहा कुष्ठरोग्यांस शुद्ध केले. एकच परत आला, आणि तो परका होता. उरलेले नऊ कोठे आहेत, असे प्रभूने विचारले खरे. परंतु त्यांचे आरोग्य त्याने परत घेतले नाही. पशुवैद्य मिशनरी आपल्या प्रभूविषयी उघडपणे बोलेल; पण सुई टोचण्यापूर्वी कोणाचा विश्वास तपासणार नाही.

मननासाठी :

१. आपल्या गावातील वा शहरातील कोणत्या परक्याचा जीव आपण जाणतो?

२. आपण केलेल्या मदतीची परतफेड न झाल्यास आपल्या मनात काय उत्पन्न होते?

३. आपले कोणते कौशल्य दुसऱ्याच्या हाती सोपविण्यास आपण अजून कचरतो?