जाळ्याचा वेग : आधी मोजमाप, मग तक्रार

संगणकावरील पाठ अडखळला की दोष बाहेरील जोडणीस दिला जातो आणि मुलांची तासिका व्यर्थ जाते. शिक्षकांनी प्रथम मोजमाप करावे. शाळेतील दोन संगणकांवर ‘आयपर्फ३’ ही आज्ञावली घ्यावी. एकावर ‘आयपर्फ३ -एस’ आणि दुसऱ्यावर ‘आयपर्फ३ -सी’ व पुढे पहिल्याचा पत्ता, अशी आज्ञा रोमन लिपीत, लहान अक्षरांत द्यावी. १० सेकंद माहिती पाठवून दर सेकंदास किती मेगाबिट गेले, हे ती दाखविते. ८ बिटांचा १ बाइट. म्हणून ८० मेगाबिट म्हणजे १० मेगाबाइट. या वेगाने ६०० मेगाबाइटांचा पाठ एका मिनिटात पोहोचतो. हे गणित मुलांकडूनच सोडवून घ्यावे. वेग समाधानकारक आला, तर दोष शाळेबाहेर शोधावा; कमी आला, तर आधी आपल्याच तारा तपासाव्यात.